ठणका, पू आणि अवधाण

जूनच्या अखेरीपासून ठाण्यात घरोघर एक दुखणं दिसू लागतं आणि त्याची कुणी फारशी दखल घेत नाही. पायाच्या बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडते, सोलवटते, खाज सुटते. चिखल्या झाल्या म्हणायचं, आणि त्याच पायांनी वंदना टॉकीजच्या आसपास तुंबलेल्या पाण्यातून स्टेशन गाठायचं. तुर्भ्या-सानपाड्याकडे, रबाळे-महापेच्या कारखान्यांत, वाशीच्या बाजारसमितीत पोती वाहणाऱ्यांमध्ये, सगळीकडे तेच. चिखल्या बुरशीमुळे होतात आणि एकट्या चिखल्यांनी माणूस आडवा पडत नाही. पण पोटरीपर्यंत लालभडक सुजलेला पाय घेऊन जे दवाखान्यात येतात, त्यांच्यातल्या अनेकांच्या बोटांचं बेचकं उघडून पाहिलं की जंतू आत शिरण्याची वाट तिथेच सापडते.

कोरडी, धड कातडी जिवाणूंना जवळजवळ अभेद्य असते. वरचा थर मृत पेशींचा, एकमेकींना घट्ट चिकटलेल्या आणि सतत झडणाऱ्या. त्यावर घाम आणि तेलामुळे आम्लता टिकते, सामू साधारण ५ च्या आसपास. घामात आणि कातडीच्या पेशींत जिवाणूंच्या आवरणाला भोकं पाडणारी छोटी प्रथिनं असतात. शिवाय तिथे कायम वस्तीला असलेले निरुपद्रवी जिवाणू नव्याला सहजी जागा देत नाहीत. दिवसभर ओल्या मोज्यांत राहिलेल्या बेचक्यात यातलं फारसं काही उरत नाही. थर फुगून सैल होतो, आम्लता कमी होते, बुरशी भेगा पाडते. म्हणून संध्याकाळी घरी आल्यावर पाय साबणाने धुऊन प्रत्येक बेचकं सुती फडक्याने कोरडं करणं, आणि चिखल्या असतील तर क्लोट्रिमॅझोलसारखं मलम दिवसातून दोनदा, बरं दिसू लागल्यावरही आणखी दोन आठवडे लावत राहणं, हे दोन मिनिटांचं काम पुढचा सगळा खटाटोप वाचवतं. मलम चौथ्या दिवशी खाज थांबली म्हणून सोडलं जातं आणि आठवड्याभरात चिखल्या परत येतात, ही सर्रास होणारी चूक.

समजा भेगेतून जिवाणू आत गेला. पुढच्या काही मिनिटांत जे घडतं त्यात अजून एकही पेशी जागची हललेली नसते. रक्तद्रवात आणि पेशींभोवतीच्या पाण्यात कॉम्प्लिमेंट नावाची तीसहून अधिक प्रथिनं कायम फिरत असतात. त्यांतलं सी-३ सर्वांत मुबलक. ते सारखं थोडंथोडं तुटत असतं आणि त्याचा तुकडा जवळच्या पृष्ठभागाला चिकटतो. आपल्या पेशींवर त्याला लगेच निकामी करणारी प्रथिनं असतात, जिवाणूवर नसतात. त्यामुळे जिवाणूवर एक तुकडा चिकटला की त्याच्या आधाराने आणखी तुकडे चिकटत जातात आणि थोड्याच वेळात जिवाणूचं अंग त्यांनी झाकून जातं. कातडीखाली मुक्कामाला असलेल्या महाभक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, या खुणेवरून जिवाणू ओळखून गिळतात. शिवाय त्यांच्या पृष्ठभागावर जिवाणूंच्या आवरणातले ठरावीक रेणू ओळखणारे ग्राहक असतात. माणसाच्या शरीरात मुळीच न बनणारे रेणूच हे ग्राहक पकडतात. या शोधाला २०११ चं नोबेल मिळालं.

एकदा ओळख पटली की महाभक्षक पेशी टीएनएफ आणि इंटरल्युकिन ही संदेशद्रव्यं सोडते. शेजारच्या रक्तवाहिन्या रुंदावतात: जागा लाल आणि गरम होते. वाहिन्यांच्या भिंतीतले सांधे सैल होतात, रक्तद्रव बाहेर झिरपतो: सूज येते. ब्रॅडिकिनिन आणि प्रोस्टाग्लँडिन मज्जातंतूंची टोकं हळवी करतात आणि वाढलेला दाब त्यांवर पडतो: ठणका सुरू होतो. पाय खाली सोडला की ठणका वाढतो आणि उशीवर उंच ठेवला की कमी होतो, कारण झिरपलेलं पाणी परत जायला गुरुत्वाची मदत मिळते. पाय उंच ठेवायचा सल्ला डॉक्टर जाता जाता देतात आणि लोक तो ऐकूनच घेत नाहीत. माझ्या मते गोळ्यांच्या बरोबरीने तो पाळायला हवा.

मग न्यूट्रोफिल येतात. रक्ताच्या थेंबात पांढऱ्या पेशींपैकी निम्म्याहून अधिक याच असतात, घन मिलिमीटरला साधारण २,००० ते ७,०००. हाडांतली मज्जा दररोज सुमारे १०,००० कोटी नवीन न्यूट्रोफिल तयार करते आणि तेवढेच रोज मरतात. रक्ताच्या वेगात वाहणाऱ्या पेशीला नेमक्या ठिकाणी बाहेर पडायचं असतं. गर्दीच्या वेळी ठाण्याला उतरणारा प्रवासी दोन स्टेशनं आधीपासून दाराकडे सरकत, एक दांडा सोडत दुसरा पकडत येतो, तसं ही पेशी करते. सुजेच्या जागी वाहिनीच्या आतल्या भिंतीवर सिलेक्टिन नावाची प्रथिनं उगवलेली असतात. त्यांना धरत-सोडत पेशी मंदावते, मग इंटिग्रिनने घट्ट चिकटते आणि भिंतीच्या दोन पेशींमधल्या फटीतून स्वतःला चपटं करून बाहेर पडते. पुढचा माग वासासारखा. जिवाणू आपली प्रत्येक प्रथिनसाखळी फॉर्माइल-मेथिओनिन या घटकाने सुरू करतात. आपल्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया सोडल्यास कुणी तसं करत नाही. त्याचे तुकडे जिथे जास्त, तिकडे न्यूट्रोफिल सरपटत जातो.

पोचल्यावर तो जिवाणूला गिळून एका पिशवीत बंद करतो आणि त्या पिशवीत ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि शेवटी मायलोपेरॉक्सिडेज या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने हायपोक्लोरस आम्ल तयार करतो. पाण्याच्या टाकीत टाकतो त्या ब्लीचिंग पावडरीतही जंतू मारणारा तोच रेणू असतो. मायलोपेरॉक्सिडेज हिरवट रंगाचं असतं, पूची हिरवट झाक त्याचीच. गिळणं जमलं नाही तर काही न्यूट्रोफिल आपला डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात आणि जिवाणू त्यात अडकतात. हा प्रकार २००४ पर्यंत कुणाला ठाऊक नव्हता. पू म्हणजे प्रामुख्याने हे मेलेले न्यूट्रोफिल, विरघळलेल्या ऊती आणि मेलेले-जिवंत जिवाणू.

आता एक गोष्ट जी समजली की घरातल्या निम्म्या चुका टळतील. केसतोड आणि पसरत जाणारी लाली, दोन्ही जिवाणूंचीच कामं, पण जिवाणू वेगळे आणि त्यांच्या युक्त्या उलट्या. केसतोड बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियसचं. तो कोअॅग्युलेज या विकराने स्वतःभोवती रक्तातल्या फायब्रिनचं कुंपण घालून बसतो. त्याचं सोनेरी रंगद्रव्य न्यूट्रोफिलच्या जळजळीत रेणूंचा जोर कमी करतं आणि त्याचं प्रोटीन-ए हे प्रतिपिंडाला (अँटिबॉडीला) उलट्या टोकाने पकडतं, म्हणजे प्रतिपिंड चिकटूनही निरुपयोगी. शरीर त्या कुंपणाबाहेर आपलं कुंपण घालतं आणि मध्ये पू साठतो. अशा गळवाच्या आत आम्लता जास्त, ऑक्सिजन कमी, रक्तपुरवठा नाही आणि जिवाणू वाढायचे थांबलेले. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं वाढणाऱ्या जिवाणूवर चालतात. म्हणून मोठं गळू नुसत्या गोळ्यांनी विरत नाही, चीर देऊन निचरा करावा लागतो, आणि बऱ्याचदा तेवढंच पुरतं. ते घरी पिळलं तर कुंपण आतल्या बाजूने फुटतं आणि जिवाणू खोल ऊतींत, रक्तात जातात. नाक आणि वरच्या ओठाच्या भागातल्या शिरांचा मेंदूजवळच्या शिरांशी संबंध असल्यामुळे तिथली पुळी तर अजिबात पिळू नये.

स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिसचं उलट. त्याच्या अंगावर हायल्युरोनिक आम्लाचं आवरण असतं. तेच आम्ल आपल्या ऊतींतही असल्यामुळे ते परकं वाटत नाही. न्यूट्रोफिलना बोलावणारा कॉम्प्लिमेंटचा सी-५-ए हा तुकडा तो कापून टाकतो, डीएनएची जाळी विरघळवतो आणि स्ट्रेप्टोकायनेजने फायब्रिनची गाठ सोडवतो. कुंपण नाही, पू फारसा नाही, लाली कातडीखालून पसरत जाते. इथे चीर देण्यासारखं काही नसतं आणि औषध लवकर लागतं. सुदैवाने हा जिवाणू आजही पेनिसिलिनला बधतो. स्टॅफिलोकॉकसबद्दल तसं म्हणता येत नाही.

लाली दिसली की तिची कड बॉलपेनने आखून ठेवावी आणि शेजारी वेळ लिहावी. चार-सहा तासांत लाली रेघेच्या बाहेर स्पष्ट सरकली, पायावरून वर जाणारी लाल रेषा दिसली किंवा थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. औषध सुरू झाल्यावर पहिल्या दिवशी लाली थोडी वाढलेली दिसू शकते, कारण मेलेल्या जिवाणूंचे तुकडेही तीच प्रतिक्रिया घडवतात. ताप आणि ठणका उतरत असेल तर दोन-तीन दिवसांत कड मागे येते. त्याआधीच अँटिबायोटिक बदलण्याची घाई होते, रुग्णाकडून आणि कधी डॉक्टरांकडूनही. एका बाबतीत मात्र थांबू नये. दुखणं दिसणाऱ्या लालीच्या मानाने असह्य असेल, कातडी जांभळट होत असेल, फोड येत असतील, तर स्नायूंवरचं आवरण कुजत असण्याची शक्यता असते. तिथे शस्त्रक्रिया लागते, आणि ती काही तासांत.

मेलेले जिवाणूही शरीराला पेटवतात, हे सांगताना एक मुंबईची गोष्ट आठवते. १८८२ मध्ये इल्या मेचनिकॉफ यांनी सिसिलीतल्या मेसिना इथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभकात गुलाबाचा काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी त्या काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पाहिला. पेशी परक्या वस्तूला गिळतात ही कल्पना तिथे पक्की झाली. ओडेसा विद्यापीठातले त्यांचे विद्यार्थी वाल्देमार हाफकिन. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात रसपात्रांत प्लेगचे जिवाणू वाढवले, उष्णतेने मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला, टोचल्या जागी वेदना झाल्या. त्या लशीत जिवंत काहीच नव्हतं. ताप सगळा त्यांच्या शरीराने निर्माण केलेला. परळच्या संस्थेला आज त्यांचं नाव आहे आणि मला तो ताप त्या संस्थेच्या इतिहासातली सर्वांत बोलकी नोंद वाटतो.

ताप असा येतो. महाभक्षक पेशींची संदेशद्रव्यं मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोचतात, तिथे प्रोस्टाग्लँडिन ई-२ बनतं आणि शरीराचं ठरलेलं तापमान वर सरकतं. अंग ९८ अंशांवर आणि नवं लक्ष्य १०२, म्हणून हुडहुडी भरते. त्या वेळी चादर ओढून घेणं बरोबर. गार पाण्याने पुसल्यास शरीर आणखी कुडकुडून उष्णता तयार करतं. पॅरासिटामॉल ते लक्ष्यच खाली आणतं, जिवाणूला काही करत नाही. याच काळात इंटरल्युकिन-६ यकृताला सीआरपी हे रक्तचाचणीत मोजलं जाणारं प्रथिन बनवायला लावतं. ते सहा ते बारा तासांनी वाढू लागतं आणि दोन दिवसांनी शिखरावर पोचतं, तेव्हा ताप आल्याच्या तिसऱ्या तासाला केलेली चाचणी खोटा दिलासा देते. यकृत हेप्सिडिनही सोडतं. जिवाणूंना वाढायला लोह लागतं, म्हणून शरीर रक्तातलं लोह साठ्यांत बंद करून ठेवतं. तापात तपासलेलं लोह कमी आणि फेरिटिन, म्हणजे लोह साठवणारं प्रथिन, जास्त येतं. त्या अहवालावर लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत, बरं झाल्यावर पुन्हा तपासावं.

पायाला जखम असताना जांघेत अवधाण, म्हणजे दुखरी गाठ, येतं, हे जुन्या माणसांना नेमकं माहीत होतं. तिथल्या लसिकागाठीत पायाकडून येणारी सगळी लसिका, म्हणजे ऊतींतून परत जाणारं पाणी, गाळली जाते. जखमेतली डेंड्रायटिक पेशी जिवाणूचे तुकडे घेऊन तिथे पोचते आणि ते तुकडे ओळखू शकणाऱ्या टी-पेशीची (हाही पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाट पाहते. अशी पेशी काही लाखांत एखादी असते. सापडली की ती विभागत जाते, प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशींना मदत करते आणि गाठ फुगते. प्रतिपिंडं रक्तात मोजण्याइतकी यायला पाच-सात दिवस लागतात, आधी आयजीएम, मग अधिक घट्ट चिकटणारं आयजीजी. शरीराच्या या उत्तराबद्दल मला सर्वांत आदर वाटतो तो त्याच्या वेळापत्रकामुळे. ते वेळापत्रक न पाहता केलेली तपासणी पैसे खाते आणि चुकीची वाट दाखवते.

लेप्टोचं उदाहरण घ्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबई परिसरात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. नवी मुंबईचे बरेच नोड, म्हणजे वसाहती, भराव घातलेल्या सखल जमिनीवर आहेत. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवून धरायला धारण तलाव बांधावे लागले इतके सखल. उंदरांच्या मुतातून पाण्यात आलेला हा जिवाणू चिखल्यांच्या भेगेतून शिरतो, आणि माणसाचा जो ग्राहक इतर जिवाणूंचं आवरण चटकन ओळखतो तो याच्या आवरणाला दाद देत नाही. पू नाही, अवधाण ठळक नाही. पाच ते चौदा दिवसांनी एकदम ताप, पोटऱ्या दाबल्या की कळवळायला होईल इतक्या दुखऱ्या, डोळे लाल. पहिल्या आठवड्यात जिवाणू रक्तात असतो, म्हणून त्याचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी. आयजीएम चाचणी तेव्हा बहुधा निगेटिव्ह येते, तिचा उपयोग पाचव्या-सातव्या दिवसानंतर. उपचार मात्र अहवालासाठी अडवून ठेवायचे नसतात. तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं आणि पायाला जखम असेल, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून डॉक्सिसायक्लिन घेता येतं. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालची मुलं यांना ते चालत नाही.

धनुर्वाताचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे नियम वेगळा. त्याचं विष इतकं जहाल की प्राण घ्यायला लागणारी मात्रा प्रतिकारशक्तीला धडा शिकवायला पुरत नाही. धनुर्वातातून वाचलेल्यालाही लस द्यावीच लागते. दर दहा वर्षांनी एक मात्रा, आणि मातीने माखलेली जखम असेल व शेवटची मात्रा पाच वर्षांपूर्वीची असेल तर लगेच.

शरीराचं हे सगळं उत्तर जिथे नसतं तिथे त्याची किंमत कळते. खारघरच्या टाटा केंद्रात, अॅक्ट्रेकमध्ये, केमोथेरपी घेणाऱ्यांचे न्यूट्रोफिल कधी ५०० च्या खाली जातात. तेव्हा जखमेत पू होत नाही, लाली जेमतेम, छातीच्या एक्स-रेत डाग उशिरा. ताप हीच एकुलती खूण उरते. तोंडात मोजलेला ताप १०१ च्या घरात एकदा, किंवा १००.४ तासभर टिकला, की घरी गोळी घेऊन वाट पाहायची नाही. रुग्णालयात रक्ताचे कल्चर (रक्तातले जिवाणू वाढवून पाहण्याची चाचणी) काढून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. मधुमेहात न्यूट्रोफिल असतात पण साखर चढलेली असताना ते मंद सरपटतात आणि आतली जळजळीत रसायनं कमी बनवतात. त्यात पायाची संवेदना गेलेली, म्हणजे ठणकाही नाही. मधुमेह्याने रोज रात्री तळपाय आरशात पाहावा, दुखत नाही यावर विसंबू नये.

उलट टोकाला, तेच उत्तर सगळ्या अंगभर सुटतं तेव्हा सेप्सिस होतो. प्रत्येक रक्तवाहिनी रुंद, प्रत्येक भिंत झिरपणारी, रक्तदाब कोसळतो. मिनिटाला २२ किंवा जास्त श्वास, वरचा रक्तदाब १०० किंवा कमी, बोलण्यात असंबद्धपणा. यातली दोन लक्षणं एकत्र दिसली तर ताप किती आहे याला महत्त्व नाही. म्हाताऱ्या माणसांना अनेकदा ताप येतच नाही. लघवी कमी झाली का, एवढं घरच्यांनी जरूर पाहावं.

टायफॉइडचा जिवाणू आणखी लबाड. साल्मोनेला टायफी ज्या महाभक्षक पेशीने त्याला गिळायचं तिच्याच आत राहून वाढतो, आणि बाहेर असताना व्हीआय नावाच्या शर्करेचा थर पांघरतो. त्या थराखाली त्याचं ओळखू येणारं आवरण झाकलं जातं, सी-३ चिकटत नाही, न्यूट्रोफिल फारसे येत नाहीत. म्हणून ताप पायरीपायरीने चढतो आणि पांढऱ्या पेशी वाढण्याऐवजी नेहमीइतक्या किंवा कमी असतात. पेशी वाढल्या नाहीत म्हणजे व्हायरल, हा समज इथे घात करतो. पहिल्या आठवड्यात अँटिबायोटिकच्या आधी रक्ताचं कल्चर, प्रौढाचं प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त. दोन-तीन मिलिलिटर घेतलं तर जिवाणू सापडण्याची शक्यता बरीच घटते. विडाल, म्हणजे टायफॉइडची प्रतिपिंडं पाहणारी चाचणी, दुसऱ्या आठवड्याआधी करू नये, आणि पूर्वी टायफॉइड झालेल्या माणसात एकट्या विडालवर निदान बेतू नये.

या शर्करेच्या थरावरच पुढे लस बेतली गेली. नुसत्या शर्करेला टी-पेशी ओळखत नाहीत, त्यामुळे तिच्या लशीने स्मृती बनत नव्हती आणि दोन वर्षांखालच्या मुलांत ती चालतच नव्हती. तीच शर्करा धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या प्रथिनाला जोडली की बी-पेशी दोन्ही एकत्र गिळते, प्रथिनाचा तुकडा टी-पेशीला दाखवते आणि तिची मदत मिळवते. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने ही जोडलस ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना मोहीम काढून दिली, सरकारी यंत्रणेतून अशी मोहीम जगात पहिलीच. पहिल्या टप्प्यात एक लाखाहून अधिक मुलांना ती मिळाली. मात्र पॅराटायफॉइड-ए या टायफॉइडसारख्याच तापाच्या जिवाणूवर व्हीआयचा थर नसतोच, त्यामुळे ही लस त्याला रोखत नाही. लस घेतलेल्या मुलाचा ताप पाचव्या दिवशीही चढता असेल, तर लशीचं कार्ड दाखवावंच, पण कल्चरही करून घ्यावं.